बाबा, बुळकांडी आणि सेरेंगेटी: आठ दिवस टांझानियात

परत येऊन दीड महिना झाला आणि रोज ठरवते की आज लिहायचं, शेवटी आज बसलेच. आफ्रिकेला म्हणजे मसाई मारा आणि तेही ऑगस्टमध्ये, नदी पार करणारे विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) आणि मगरी, असं आपल्याकडे बहुतेकांचं ठरलेलं असतं. आम्ही मुद्दाम फेब्रुवारी घेतला आणि केनियाऐवजी उत्तर टांझानिया, कारण माझ्या बाबांना विल्डबीस्टच्या विणीचा हंगाम बघायचा होता. बाबा म्हणजे रिटायर्ड पशुधन पर्यवेक्षक. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात चौतीस वर्षं नोकरी केली, गावात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. खिलार जनावराच्या चालीवरून त्याला काय झालंय ते सांगणारा माणूस, सिंहबिंह त्याला नको होते असं नाही, पण मुद्दा वेगळा होता, तो पुढे येईलच.

दिवस 1

मुंबईहून आदिस अबाबा, तिथे विमान बदलून किलिमांजारो. पिवळ्या तापाची लस जायच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे आईने कॅरीबॅगांमध्ये बांधून दिलेला चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि भाकरवडी हे सगळं निघायच्या आदल्या रात्री स्टीलच्या डब्यांत भरलं, आणि बरं झालं, जीपमध्ये डबे धक्क्यांनी फुटत नाहीत.

आमचा ड्रायव्हर-गाईड घ्यायला आला होता. उंच, शांत माणूस, पन्नाशीचा असेल. त्याने बाबांना वाकून "शिकामू बाबा" म्हणलं. शिकामू म्हणजे मोठ्या माणसाला करायचा नमस्कार, आणि बाबा म्हणजे स्वाहिलीतसुद्धा बाबाच. बाबा एकदम खूष! अरुशाला पोचेपर्यंत तास-सव्वातास दोघांची शब्दांची देवाणघेवाण चालू होती आणि मी मधे दुभाषी. गाडी म्हणजे गारी, चहा चाय, चपाती चपातीच, लाखाला लाकी, दुकानाला दुका. फक्त काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे चक्क बहीण, त्यामुळे पुढचे आठ दिवस मी दादा होते. आणखी एक गोष्ट बाबांना फार आवडली, त्यांचं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात वाजले की "एक वाजला". आपल्याकडे पूर्वी दिवस कासराभर वर आला म्हणायचे तसंच की, असं बाबांचं म्हणणं.

जेवायला भात, राजमासारखी उसळ आणि म्चिचा नावाची पालेभाजी. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "आगं ही माठाची भाजी हाय की." खरंच माठच आहे तो.

दिवस 2, तारांगिरे

अरुशातून सकाळी निघालो. तारांगिरे हत्तींसाठी प्रसिद्ध आहे, पण खरी गर्दी कोरड्या दिवसांत म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा सगळी जनावरं नदीकाठी येतात. फेब्रुवारीत हिरवंगार असतं आणि हत्ती पांगलेले असतात, तरी आम्हाला तीन कळप दिसले. पण मला जास्त लक्षात राहिली ती झाडं, गोरखचिंच. आपल्याकडे एखादं झाड असलं तर लोक लांबून बघायला जातात, इथे माळच्या माळ भरलाय. बुंध्यांची साल हत्तींनी सोंडेच्या उंचीपर्यंत सोललेली असते, उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून आतला ओलसर गाभा चावतात. एका झाडाला तर आरपार भगदाड होतं आणि तरी वर पालवी.

एक सूचना. इथे त्सेत्से माश्या आहेत, निळे आणि काळे कपडे घालू नका, त्या रंगांकडे त्या येतात. माझ्या निळ्या ओढणीने मला चांगलीच शिक्षा दिली, चावते म्हणजे सुई टोचल्यासारखी. बाबा मात्र एक माशी पकडून चष्म्याजवळ धरून निरखत बसले. पंख कात्रीसारखे एकावर एक मिटलेले असतात, त्यावरून ओळखायची. आपल्याकडे गुरांना सर्रा नावाचा रोग होतो तो पसरवणाऱ्या माश्या वेगळ्या, पण या माश्यांमुळे गुरांना होणाऱ्या रोगाचं कूळ तेच, हे त्यांनी गाईडला समजावलं आणि त्याने मान डोलावली कारण त्याच्या घरच्या गाईंना तो आजार होऊन गेला होता.

दिवस 3

हा आरामाचा दिवस. म्टो वा म्बू नावाच्या गावात (नावाचा अर्थच डासांची नदी) लाल सालीची केळी खाल्ली, मग रिफ्ट व्हॅलीची भिंत चढून कराटूला. घाटातून खाली मन्यारा तलाव दिसतो, काठावर गुलाबी कड, फ्लेमिंगो असावेत, लांबून तेवढंच. बाबांचे गुडघे दुखतात हे बुकिंग करताना तीनदा कळवलं होतं, तरी लॉजने आम्हाला सगळ्यात वरची, साठ पायऱ्यांची खोली दिली. बदलून मागितली, मिळाली नाही. ज्यांच्याबरोबर वयस्क माणसं आहेत त्यांनी हे ईमेलवर लेखी घ्या, फोनवर सोडू नका.

दिवस 4, गोरोंगोरो

पहाटे कड्यावर एवढी थंडी होती की बाबांनी कानटोपी काढली. कडा समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरच्या वर आहे, ढग आत शिरलेले, समोर पांढरं फटक. मग गाडी उतारावर लागली, ढग वर राहिले आणि खाली सगळं एकदम उघडलं. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी एक ज्वालामुखी आतल्या आत ढासळला त्याचं हे भांडं, आडवं साधारण 20 किलोमीटर आणि 600 मीटर खोल. आत तलाव, दलदल, जंगल, गवत सगळं. फक्त जिराफ नाहीत, उभ्या उतारावरून ते उतरत नाहीत आणि त्यांना लागणारी झाडंही खाली फार नाहीत.

खाली जायला गाडीमागे वेगळी फी आहे, 250 डॉलर आणि वर टॅक्स, माणशी प्रवेश निराळा. महाग आहे. पण तलावापलीकडे काळा गेंडा दिसला, दुर्बिणीतून एक करडा दगड, मग तो दगड चालायला लागला, तेव्हा पैशाचं काही वाटलं नाही. जेवणाच्या जागी घारींपासून सांभाळा, शेजारच्या ग्रुपमधल्या एका बाईंच्या हातातलं सँडविच घारीने झडप घालून नेलं आणि बोट खरचटलं. आम्ही गाडीत बसून चिवडा खाल्ला.

दिवस 5, मासाई गुरं, ओल्डुपाई आणि न्दुतु

या दिवशी काय झालं ते नीट लिहिते.

कड्यावरून सेरेंगेटीच्या बाजूला उतरताना डाव्या हाताला मोठी दरी आहे, तिथे मासाईंची, म्हणजे इथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांची, गुरं चरत होती. शंभरेक असतील. बाबा म्हणाले थांबव. गाईडने आधी गुराख्याला विचारलं, तो म्हातारा होता, लाल चादर, हातात काठी, त्याला सांगितलं की हे दाक्तारी वा मिफुगो आहेत, म्हणजे गुरांचे डॉक्टर, भारतातून आलेत. म्हातारा हसला आणि या म्हणाला. बाबा उतरले. वशिंडाची, ठेंगणी, कातडी सैल अशी जनावरं, कानाला खाचा पाडलेल्या. बाबांनी एका तांबड्या गाईच्या मानेखाली हात घातला, पोळी म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी खाजवली, ती लगेच मान लांब करून उभी राहिली, आमच्या गोठ्यातली गाय राहायची तशी. मग त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, ओठ उचलून दात मोजले. म्हातारा सगळं बघत होता. बाबांनी चार बोटं दाखवून "चार वर्षं?" म्हणलं, त्यानेही चार बोटं दाखवली.

मग बाबांनी विचारलं की खाली माळावर एवढं हिरवं लुसलुशीत गवत आहे आणि तुम्ही गुरं वर का ठेवलीत? गाईडमार्फत उत्तर आलं की खाली विल्डबीस्ट व्यायलेत, त्यांची पिल्लं असेपर्यंत आमची गुरं तिकडे नेत नाही, नेली तर डोळे पांढरे होतात, नाक वाहतं आणि मरतात. बाबांनी माझ्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं, बरोबर आहे, तो विषाणू आहे, विल्डबीस्टच्या पिल्लांना काही होत नाही पण गाईला लागला की वाचत नाही. विषाणू सापडला 1960 मध्ये, मासाईंना पिल्लं आणि रोग यांचं नातं त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे आणि त्यासाठी ते दरवर्षी उत्तम चराई सोडून देतात.

आता बुळकांडी. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल, इंग्रजीत रिंडरपेस्ट. गुराला ताप, तोंडात फोड, मग हगवण, आठवड्यात गोठा रिकामा. आपल्याकडे "तुला बुळकांडी लागो" ही शिवी होती यावरून काय ते समजा. हा रोग 1887 च्या सुमारास एरिट्रियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेत शिरला, परदेशातून आणलेल्या गुरांबरोबर, ती भारतातून आली असंही सांगतात. तीन-चार वर्षांत तो इथे पोचला. मासाईंची बहुतेक सगळी गुरं मेली, रानम्हशी, विल्डबीस्ट मेले, आणि गुरांवर जगणारी माणसंही उपाशी मेली. त्या काळाला मासाई भाषेत एमुताई म्हणतात, म्हणजे पुसून टाकणं. गाईडने तो शब्द उच्चारला तेव्हा म्हातारा खाली बघत होता.

बाबा 1979 ला नोकरीला लागले तेव्हा पहिलं काम बुळकांडीचं लसीकरण. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लसीच्या बाटल्या, सायकलला अडकवून वाड्या-वस्त्या. लस एकदा कालवली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची, म्हणून उन्हातान्हात धावपळ. भारतात शेवटची साथ 1995 ला झाली. जगातून रोग संपला असं 2011 ला जाहीर झालं, देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. त्या दिवशी दवाखान्यात पेढे वाटले होते हे मला आठवतंय, मी कॉलेजात होते, मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

या ट्रिपच्या तयारीत मी वाचलं ते असं, 1961 साली सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते जेमतेम अडीच लाख. 1977 ला 13 लाखांच्या वर. मधे काय झालं तर आजूबाजूच्या गावांतल्या गुरांना लस दिली. विल्डबीस्टला कुणी एक सुई टोचली नाही, फक्त गाईंना, आणि गाईंमधला रोग थांबल्यावर जंगलातला आपोआप संपला, पिल्लं जगायला लागली. पुढे तर असं झालं की एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं, वणवे कमी झाले आणि झाडंसुद्धा वाढली. हे मी बाबांना पुण्यात वाचून दाखवलं होतं आणि ते बराच वेळ काही बोलले नव्हते. मग म्हणाले, जाऊया.

निघताना म्हाताऱ्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

ओल्डुपाईला तासभर थांबलो. मेरी लीकी यांना 1959 साली इथे माणसाच्या जुन्या कुळातली, साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली, म्युझियम छान आहे, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी न्दुतुच्या तंबूंच्या कॅम्पवर. बादलीत पाणी तापवून वर चढवतात आणि दोरी ओढली की शॉवर. रात्री तंबूबाहेर एकट्याने जायचं नाही, टॉर्च हलवला की माणूस येतो. तरस ओरडत होते, खालून सूर धरून वर जाणारा आवाज. बाबा शांत झोपले, मी नाही.

दिवस 6, न्दुतु

सकाळी साडेसहाला माळावर. मी आकड्यांत वाचलं होतं पण डोळ्यांना ते मावत नाही. क्षितिजापर्यंत काळे ठिपके, ठिपक्यांतून एक सारखा घूं घूं आवाज, शेणाचा आणि तुडवलेल्या गवताचा वास. बाबांनी खोल श्वास घेतला, म्हणाले, "खरसुंडीच्या बाजारात आल्यागत वाटतंय."

इतके सगळे इथेच का येतात? या माळावर ज्वालामुखीची राख आहे, खाली टणक थर, त्यामुळे झाडं उगवत नाहीत, आखूड गवत उगवतं आणि त्यात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर. दुभत्या जनावराला नेमकं तेच लागतं. आपण गोठ्यात खनिज मिश्रण देतो ते इथे जमिनीतच आहे. शिवाय आखूड गवतात सिंहाला लपता येत नाही. आणि बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांतच वितात, एकदम एवढी पिल्लं की शिकारी खाऊन खाऊन किती खाणार.

न्दुतुच्या या बाजूला रस्ता सोडून गाडी नेता येते, सेरेंगेटी पार्कच्या हद्दीत नाही. त्यामुळे चित्ता दिसला की गाड्यांचा गराडा. आम्हालाही दिसली, तीन पिल्लांची आई, भोवती चौदा गाड्या मी मोजल्या. ती शिकारीला उठायची आणि कुठली ना कुठली गाडी आडवी यायची, परत बसायची. गाईडने आमच्याकडे बघितलं, बाबा म्हणाले चला इथून. आमच्या फोटोसाठी तिची पिल्लं उपाशी राहणार असतील तर तो फोटो मला नको, आणि तुम्ही गेलात तर तुम्हीही गाईडला स्पष्ट सांगा, तो बिचारा टिपच्या काळजीने थांबतो.

मग एका जागी इंजिन बंद करून बसलो. तासभर काहीच नाही. अचानक बाबा माझा हात दाबून म्हणाले, "ती बघ, शेपूट वर धरलीय, अस्वस्थ हाय. व्यायला आलीय." मला शंभरातली एकही वेगळी दिसत नव्हती. दुर्बीण लावली तर खरंच, मागून दोन पाय बाहेर आलेले. ती बसली, उठली, चार पावलं चालली, परत बसली. बाबा पुटपुटत होते, "पाय सरळ हायती, डोकं पायांवर हाय, काय अडचण नाही," जणू आत्ता उतरून हात लावणार. एक जोराची कळ आणि पिल्लू घसरून गवतात. फिकट तपकिरी, ओलं, आईच्या रंगाचं अजिबात नाही. ती वळून चाटायला लागली. पिल्लाने मान उचलली, पुढचे पाय टेकवले, तोंडावर पडलं. परत उठलं, मागचे पाय फाकले, परत पडलं. बाबा घड्याळ बघत होते. सातव्या मिनिटाला ते चारी पायांवर उभं होतं, थरथरत, आणि लगेच आईच्या पुढच्या पायांत कास शोधायला लागलं, चुकीच्या बाजूला. आई फिरली, ते फिरलं, मग सापडली.

"वार पडायची हाय अजून," बाबा म्हणाले, "पण पळंल ती आता." आणि चष्मा काढून पुसला. गाईडने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

येताना दलदलीच्या कडेला गाडी रुतली, काळी माती, चाकं फिरायला लागली की आणखीच खाली. दुसरी जीप येऊन ओढेपर्यंत पाऊण तास गेला, तेवढ्यात चारशे मीटरवर झाडाखाली सिंहिणी झोपल्यात हे कळलं, म्हणून कुणी उतरायचं नाही. आईचे लाडू संपले तिथे.

दिवस 7, सेरोनेरा

नाबी हिल गेटमधून सेरेंगेटीत. 14,763 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या अख्ख्या सोलापूर जिल्ह्याएवढा पार्क. नाव मासाई भाषेतलं, न संपणारा माळ. मधेच गोल गुळगुळीत दगडांच्या टेकड्या, त्यांवर सिंह पसरलेले. फांदीवर बिबट्या, पाणघोड्यांचं डबकं आणि त्याचा भयंकर वास, सगळं दिसलं, त्याचे फोटो सगळ्यांकडे असतात.

मला सांगायचंय ते गिधाडांबद्दल. दुपारी एका मेलेल्या झेब्र्यावर पन्नास-साठ गिधाडं होती. पंखांचे फटके, भांडणं, एक मोठं गुलाबी डोक्याचं आलं की बाकीची बाजूला, कारण जाड कातडं फाडायची ताकद त्याच्याच चोचीत. अर्ध्या तासात फासळ्या दिसायला लागल्या. बाबा म्हणाले, जतला ढोरफोडीच्या जागेवर अशीच असायची, ऐंशीच्या दशकात. मग थोडं थांबून म्हणाले, "डायक्लोफेनॅक मी पण टोचलंय गं. शेकडो जनावरांना. दुखणं उतरायचं पटकन, गरीब मालक दुवा द्यायचा. आम्हाला काय ठाऊक." ते औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते, हे कळलं 2003 ला, गुरांसाठी बंदी आली 2006 ला, तोपर्यंत भारतातली गिधाडं जवळजवळ संपली होती. इथे गिधाडांना वेगळा धोका आहे, मढ्यावर विष टाकतात. मी त्यांना म्हणलं, तुम्ही मुद्दाम नाही केलं बाबा. ते म्हणाले, "ते खरं हाय, पण गिधाडं गेली ते पण खरं हाय." आम्ही शेवटचं गिधाड उडेपर्यंत तिथेच थांबलो.

दिवस 8

गुडघ्यांमुळे परतीचा आठ तासांचा खडखडाट टाळला आणि सेरोनेराहून छोट्या विमानाने अरुशाला आलो. सामान माणशी 15 किलोच, तेही मऊ बॅगेत, चाकाची कडक सूटकेस घेत नाहीत, आधीच लक्षात ठेवा. मातीची धावपट्टी, उडायच्या आधी एका गाडीने जाऊन झेब्रे हाकलले. वरून बघितलं तर माळावर मुंग्यांच्या रांगांसारख्या रेघा, दक्षिणेकडे दाट होत जाणाऱ्या. बाबा खिडकीला कपाळ लावून बसले होते.

गाईडने धावपट्टीवर निरोप घेताना बाबांना विचारलं होतं की परत कधी येणार. बाबांनी त्याला आपला स्टीलचा भाकरवडीचा डबा दिला, रिकामा देऊ नये म्हणून त्यात उरलेला चिवडा.

संध्याकाळी अरुशात वायफाय मिळाल्यावर बाबांनी पहिला फोन आईला केला आणि दुसरा त्यांच्याबरोबर आटपाडीला असलेल्या जुन्या सहकाऱ्याला. स्पीकरवर, मोठ्या आवाजात, लॉजच्या व्हरांड्यात. पिल्लू सातव्या मिनिटाला उभं राहिलं हे दोनदा सांगितलं, मासाई म्हाताऱ्याचं सांगितलं, तांबड्या गाईचे दात सांगितले. तिकडून काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही. मग बाबा म्हणाले, "आरं तो आपला बुळकांडीचा थर्मास, निळ्या झाकणाचा, तुझ्याकडंच हाय ना? टाकू नगंस. मी आल्यावर घिऊन जातो."